खिडकीखालच्या दोन विटा

या, असे जवळ सरका. आणखी थोडे. फक्त बसायच्या आधी तेवढी मागची खिडकी उघडा. सताड नको, वीतभर पुरे. थंडी वाजली तर माझी शाल घ्या. आता सांगते. गोष्ट आनंदाची आहे हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या तोंडावरचा हा मास्क बघितला की लोकांना वाटतं, आता ही बाई रडगाणं लावणार. रडगाणं नाही, गाणंच आहे, आणि ते मी भर सभेत कसं चुकले त्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात एका सफरचंदापासून झाली. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. पुढे गिऱ्हाइकं, मधे पडदा, मागे मी, माझं चाक आणि एक खिडकी. जेवायला मात्र मी त्या खोलीतही बसत नाही. मागच्या लोखंडी जिन्याची तिसरी पायरी माझी. त्या मंगळवारी मास्क गळ्यात ओढून मी सफरचंद खात होते, आणि दुकानातली काउंटरवाली पायपुसणं झटकायला बाहेर आली. दोन वर्षं आम्ही एका छपराखाली काम करतो. तिने माझ्याकडे बघितलं, पायपुसणं तसंच हवेत धरलं आणि म्हणाली, “कोण पाहिजे?”

तोंडातला घास मी गिळेपर्यंत तिने डोळे ओळखले. “अगंबाई, तुम्ही! तुमची हनुवटी अशी आहे?”

“कशी आहे?”

“छानच आहे हो, खळी पडते. मला वाटलं होतं...” ती थांबली. “रागावणार नसाल तर सांगते. मला वाटायचं, खाली तुमचे ओठ असे आवळलेले असणार, आमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंसारखे. कायम आमच्यावर नाराज. म्हणून तर मी पडद्यामागे फिरकत नाही. आणि तुम्ही एकट्याच बसून हसताय!”

“हसत नाहीये. गुणगुणतेय.”

“म्हणजे ते गुणगुणणं तुमचं?” तिने कपाळाला हात लावला. “आणि मी सहा महिने मालकांच्या मागे लागलेय, मागच्या चाकाला तेल द्या, सारखं घुंई घुंई करतंय!”

हसून हसून मला ठसका लागला, आणि ठसका लागला तशी सवयीने ती दोन पावलं मागे सरली, मग स्वतःच लाजली. पण नंतर चाकाशी बसले तेव्हा हसू ओसरलं आणि काहीतरी कुसळासारखं आत राहिलं. दोन वर्षं मी या कापडाच्या आत गात होते आणि बाहेर लोकांना आवळलेले ओठ दिसत होते. लिफ्टमधले शेजारी “अजून?” असं विचारतात, एकच शब्द, भुवई उंचावून, मी मास्कच्या आत हसते, आणि ते त्यांना पोचतच नसणार. “गेला की तो आजार आता,” असं जाऊबाई म्हणतात, जसा काही मुक्काम ठोकलेला पाहुणा एकदाचा गाडीत बसवला. त्यांच्याकडून गेला असेल. माझ्याकडे तो दाराबाहेर पायपुसण्यावर उभा आहे, बेल न वाजवता. मी त्याला शिव्या देत नाही, दारही उघडत नाही. असं आहे, की माझ्या पोटात उजव्या अंगाला माझ्या ताईची किडनी आहे. ती परक्या घरची आहे हे माझ्या अंगातल्या पहारेकऱ्याला कळू नये म्हणून मी सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला गोळ्या घेऊन त्याला झोपवते. पहारेकरी झोपलेल्या घराने दारं कशी ठेवावीत, हे कुणाला वेगळं सांगायला नको. पण पहारेकरी दिसत नाही, त्याची झोपही दिसत नाही, दिसतो तो मास्क. ताई म्हणते, “जप गं बाई. एक दिली ती दिली. दुसरी मागशील तर मीच गोळ्या खाईन.” दरवर्षी त्या ऑपरेशनच्या तारखेला ती फोन करून माझी नाही, तिच्या किडनीची चौकशी करते: “कशी आहे माझी? पाणी देतेस ना वेळेवर?”

काचेचं एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. काच स्वच्छ आहे का ते बघायची आमच्या धंद्यातली जुनी रीत म्हणजे ती तोंडाजवळ धरून हलकेच ‘हा’ करायचं. श्वास एकसारखा बसला तर काच निर्मळ. कुठे बोट लागलं असेल तर धुक्यात तेवढंच भोक. आता मी ते तोंडाने करत नाही, चहाच्या किटलीच्या वाफेवर धरते. पण तीस वर्षं काचांवर श्वास बघितल्यामुळे मला एक खोड लागली आहे. मला खोल्यांमधला श्वास दिसतो. बसच्या काचा, बँकेच्या काचा, हॉटेलच्या काचा: कुठे किती माणसांनी किती वेळ तोच तोच श्वास फिरवला आहे हे मी थंडीच्या दिवसांत रस्त्यावरून सांगू शकते. आमचे ‘हे’ चेष्टेने म्हणतात, “हिला खाणावळीचा मेनू वाचता येत नाही, पण खाणावळीची काच वाचता येते.” म्हणतात, आणि मग मुकाट्याने दोन ताटं बाहेरच्या बाकावर आणतात, कानटोपी घालून माझ्यासमोर बसतात आणि विचारतात, “काय वाचलंस आज?” असा माणूस मिळाला म्हणून मी रोज देवाचे आभार मानते, आणि कानटोपी विणणाऱ्या सासूबाईंचेही.

तर ताई. आम्ही दोघी लहानपणापासून बुवांच्या मागे उभ्या राहून गायलो. बुवा गाऊन प्रवचन सांगत. गोष्ट सांगत सांगत मधेच पद उचलत, आणि ध्रुवपद आलं की मागून आम्ही. ताई डावीकडे, मी उजवीकडे. प्रवचनाच्या सभागृहातले लोक मला ‘मागची’ म्हणत, ताईला ‘मागची मोठी’. बुवा म्हणत, “मागचीने मागेच यायचं. पण मागे म्हणजे उशिरा नव्हे. माझा शब्द खाली पडायच्या आत झेलायचा.” झेलायचो. बुवांच्या शेवटच्या ओळीनंतर जो इवलासा रिकामा क्षण असे ना, त्यात पाय ठेवण्यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. लग्नातही नाही, आणि हे ऐकत असले तरी मी हेच सांगेन. मग ती साथ आली आणि पहिल्याच वर्षी बुवा गेले. हॉस्पिटलच्या आवारात शेवटच्या निरोपाला चार माणसं होती, त्यांत आम्ही नव्हतो. आम्ही त्या संध्याकाळी फोनवर त्यांचं पद म्हटलं, ती तिच्या घरी, मी माझ्या. आणि तेव्हा आम्हाला शोध लागला की फोनवर दोघींना एकत्र गाता येत नाही. तिची ओळ माझ्यापर्यंत पोचेपर्यंत अर्धा क्षण जातो, माझं ध्रुवपद तिच्यापर्यंत पोचेपर्यंत आणखी अर्धा. तिला वाटे मी रेंगाळतेय, मला वाटे ती पळतेय. दुःखाच्या त्या संध्याकाळी दोघी एकमेकींवर खेकसलो. मग ताई म्हणाली, “तू आधी निघ. माझी ओळ संपायची वाट बघू नकोस. माझे दोन शब्द बाकी असतानाच सुरू कर, म्हणजे इथे वेळेवर पोचशील.” तशी मी शिकले. रोज संध्याकाळी, आठची गोळी घेऊन झाली की फोन, आणि मी आधी निघणार. माझ्या कानाला ते विचित्रच लागे, तिच्या शब्दांवर माझे शब्द, पण पलीकडून ती म्हणे, “अगदी बरोबर झेललंस.” चार वर्षं मी अशी, मला न ऐकू येणारं बरोबर गात आले.

आणि आता बुवांच्या जागी ताई उभी राहणार होती. रविवारी सकाळी दहाला, आयुष्यात पहिल्यांदा, अख्खं प्रवचन एकटीने. सगळे परत यायला लागल्याला बराच काळ झाला होता. खांद्याला खांदा लावून बसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, आणि छान वाटे ऐकून, खरंच वाटे. शनिवारी फोनवर मी म्हटलं, “मी दाराशी बसते, मास्क लावून.”

“नाही,” ताई म्हणाली. “शंभर माणसं गाणार, खिडक्या बंद. खिडक्या उघडायचं नाव काढलं की दुसऱ्या रांगेतल्या गुडघेवाल्या मावशी भांडायला उठतात. तू यायचं नाहीस. तुला काही झालं तर मी कोणत्या तोंडाने गाऊ?”

“आणि मागे कोण?”

“मागे कोणी नाही. रिकामं ठेवणार आहे. लोक म्हणतील ध्रुवपद, जमेल तसं.”

फोन ठेवल्यावर माझ्या उजव्या कुशीत काहीतरी हललं. डॉक्टरीणबाई म्हणतात असं हलत नाही, तो तुमचा भास आहे. असेल. पण तिचीच वस्तू पोटात घेऊन मी तिचं पहिलं प्रवचन फोनमधल्या मुंगीएवढ्या चित्रात बघायचं? आणि सभागृहातले लोक काय समजणार? मागची रुसली. ओठ आवळून घरी बसली. रात्रभर ते काउंटरवालीचं वाक्य माझ्याशेजारी उशीवर पडून होतं. सकाळी ह्यांना म्हटलं, “मी नुसती बाहेर उभी राहून येते. आत पाऊल टाकणार नाही.” ह्यांनी सासूबाईंची दुसरी कानटोपी काढून दिली.

सभागृहाच्या मागे एक अरुंद बोळ आहे. एका बाजूला भिंत, एका बाजूला सहा खिडक्या. मी पोचले तेव्हा आत सुरुवात झालेली. आणि काचा! सहाच्या सहा पांढऱ्याफटक, आतून पाणी ओघळतंय. शंभर माणसांचा श्वास असा मी कधी एकत्र बघितला नव्हता. मला वाटलं होतं मी घाबरेन. पण आधी जे वाटलं ते सांगते: इतकं सुंदर दिसत होतं ते. केवढी जिवंत माणसं! चार वर्षांपूर्वी या काचा कोरड्या, काळ्या होत्या. मी बोळात उभी राहून देवाला म्हटलं, बरं केलंस. मग पुढचं म्हटलं, आता मी काय करू? कारण धुक्याच्या आत एक पिवळा डाग हलत होता, ती ताई असणार, आणि मला तिचा एक शब्दही कळत नव्हता. शेवटच्या खिडकीचं एक दार मात्र नीट बसत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिथे बोटभर फट असते. पण खिडकी उंच. आणि तिच्या बरोबर खाली, कोणीतरी मुद्दाम मांडाव्यात तशा, दोन विटा होत्या. शेजारी शेजारी, हलू नयेत म्हणून खाली लाकडाची पाचर सारलेली. वरच्या बाजूने बुटांनी घासून गुळगुळीत झालेल्या. ह्या कोणाच्या, असा प्रश्न मनात आला आणि गेला. कारण मी वर चढले आणि फटीतून ताईचा आवाज थेट माझ्या कानात आला. अर्धा क्षणसुद्धा उशीर न करता. चार वर्षांत पहिल्यांदा.

ती त्या बाईची गोष्ट सांगत होती जी देव पाहुणा येणार म्हणून वाऱ्यापावसात दार उघडं ठेवते. दिवा विझतो, पीठ उडतं, मांजर पळतं. शेजारीण म्हणते, अगं लाव की दार, कोणी येत नाही या हवेत. बुवांचीच गोष्ट, पण मांजर ताईचं. लोक हसत होते. मग आवाज उतरला आणि तिने बुवांचं पद उचललं. येतो येतो म्हणतो गं, वाटेतच आहे. दिवा विझला तरी बाई, दार नको लावू. आणि सहा बंद खिडक्यांच्या आत शंभर माणसं ‘दार नको लावू’ ऐकत डुलत होती! मला हसू फुटलं. मी नुसती ऐकायला आले होते, हे शपथेवर सांगते. पण ताई दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीशी आली, आणि तिच्या आवाजाच्या मागे मला ती रिकामी जागा दिसली, उजवीकडची, माझी. कान, घसा आणि चार वर्षांच्या संध्याकाळी, कोणी मला विचारलं नाही. तिचे दोन शब्द बाकी असतानाच मी सुरू केलं. “दार नको लावू!” फटीतून, खणखणीत, अर्धा क्षण आधी.

आत ताईचे दोन शब्द आणि माझे तीन शब्द एकमेकांवर आपटले. कोणीतरी फिस्सकन हसलं. कोणीतरी म्हणालं, “कोण तालात चुकतंय?” माझं तोंड मास्कच्या आत भाजून निघालं. बुवांच्या पदात, ताईच्या पहिल्या दिवशी! मी विटांवरून उतरणारच होते. पण आत ताईने पद थांबवलं होतं. आणि तिचा आवाज आला, गाण्यातला नाही, घरातला: “असं आधी निघणारी या जगात एकच आहे. कुठे आहेस गं?”

मी विटांवरच थांबले.

“लोकहो,” ताई म्हणाली, “ही चूक नाही. चार वर्षं ही माझी बहीण रोज माझ्याआधी निघाली, म्हणून वेळेवर पोचली. माझी आहे ती. माझा एक भागसुद्धा तिच्याकडे आहे. आणि आपण इथे दार नको लावू म्हणत बसलोय, खिडक्या लावून! उघडा आधी.”

“माझे गुडघे!” दुसऱ्या रांगेतून.

“मावशी, गुडघे गायला लागले की गरम होतील. उघडा!”

पहिली खिडकी कुरकुरली. दुसरी. मग एकदम सगळ्या, आणि मी बघत होते काच कशी निवळत जाते ते: कडेपासून आत, वाफेवरून उतरवलेल्या भिंगासारखी. आधी खांदे दिसले, मग चेहरे, मग मफलरांची गडबड, मग पिवळ्या कपड्यातली ताई, इतकी म्हातारी दिसत होती आणि इतकी लहान. फोनमध्ये हे दोन्ही दिसत नाही. गार वारा आत जात होता आणि ऊबदार गलका बाहेर येत होता. मी मास्क तसाच ठेवून, खिडकीच्या लाकडावर दोन्ही हात टेकून उभी राहिले. मावशी शाल आवळत माझ्याकडे वळल्या. “तू होय! मला वाटलं, तू आमच्यावर रुसलीस.”

“नाही हो मावशी. घरी बसून गात होते.”

“मग जरा मोठ्याने गायचंस!”

आणि तेवढ्यात पलीकडची ओळ उघडली गेली, रस्त्याकडच्या खिडक्या, आणि तिथे कोणीतरी “अरे!” म्हणालं. तिकडेही एक माणूस उभा होता. साठीपुढचा, तोंडावर पांढरा मास्क, गळ्यात थर्मास, टाचा उंचावून खिडकीला लोंबकळल्यासारखा. पकडल्यासारखा तो सगळ्यांकडे बघत होता. मग त्याची नजर सभागृह ओलांडून माझ्याकडे आली, आणि मोठ्याने, पण अदबीने तो म्हणाला, “बाई, त्या विटा माझ्या. आज आलो तर तुम्ही उभ्या होता, म्हणून इकडे आलो. असू द्या, असू द्या. तुमची उंची कमी आहे.”

दोन वर्षं तो दर रविवारी येत होता. कोणाला पत्ता नाही. नळदुरुस्ती करतो. घरी बायको आहे, तिच्या फुप्फुसांत आता वारा पुरत नाही, ऑक्सिजनच्या नळीशिवाय तिला स्वयंपाकघरापर्यंत जाता येत नाही, आणि त्याने बाहेरून काही घरी न्यायचं नाही. तीच त्याला पाठवते. “सगळं ऐकून या,” म्हणते, “आणि मला म्हणून दाखवा.” फटीतून जेवढं कानावर पडेल तेवढं तो नेतो, राहिलेलं स्वतः जुळवतो. हे त्याने खिडकीतून सांगितलं, आणि पुढे म्हणाला, “मला सूर नाही हो. पण तिला चालतं.” ताई वर उभी राहून डोळे पुसत होती आणि त्याच वेळी हसत होती. मग तिने दोन्ही हात पसरले, एक माझ्या खिडकीकडे, एक त्याच्या. “उजवीकडे एक, डावीकडे एक. मागे कोणी नाही म्हणत होते मी! चला, पुन्हा. कडव्यापासून.”

तिने ओळ उचलली. मी जीभ दाताखाली धरली, या वेळी थांबायचं, शब्द पडू द्यायचा, मग झेलायचा. आणि काय सांगू, मी थांबले, तर ताईने माझ्यासाठी ओळ अर्धा क्षण आधीच संपवली. दोघी पुन्हा हुकलो! सभागृह खो खो हसलं, मावशी सगळ्यांच्या आधी. तिसऱ्या वेळी लागलं. तो रिकामा क्षण, चार वर्षांनी, होता तिथेच होता. मी त्यात पाय ठेवला. पलीकडून नळवाल्याचा बेसूर, जाड, खरा आवाज आला, आणि शंभर माणसांची तोंडं थंडीत वाफ सोडत होती. श्वास दिसत होता सगळ्यांचा, वर चढत, बाहेर जात.

आता तिथे दर रविवारी खिडक्या उघड्या असतात, मावशींसाठी गुडघ्यांवर घ्यायला घोंगडी आणली आहे, आणि बोळात चार विटा आहेत. काउंटरवालीसुद्धा एकदा येऊन गेली. म्हणाली, चाकाला तेल दिलं नाही ते बरं झालं. उठताय? उठा, मला वेळेचं भान राहत नाही. एकच मागते. त्या नळवाल्याच्या बायकोला आमच्यापैकी कोणी अजून बघितलेलं नाही. तिचे ओठ आवळलेले असतात की हसते, तिच्या हनुवटीला खळी पडते का, मला ठाऊक नाही. पण रविवारी दुपारी, एका बंद घरात, एक बेसूर माणूस तिच्यासमोर बसून ‘दार नको लावू’ म्हणतो आणि ती ऐकते. तुम्ही कुठे चारचौघांत गात असाल, दाटीने, सुखाने, तेव्हा तिची आठवण ठेवा.